शिवाशिवी : अंगणातील आणि समाजातील

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने माझ्यासमोर अनेक भारदस्त विषय होते. धम्मक्रांती, शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहांची चळवळ या विषयांवर या अंकात इतर मान्यवर लिहितीलच. मी मात्र एक लहानसा विषय निवडला आहे. सायंकाळच्या बुद्धवंदनेपूर्वी आपल्या वसतिगृहाच्या अंगणात जो तासभर गलका चालतो, त्या गलक्याचा अर्थ काय, हा तो विषय. अभ्यासाची घंटा होईपर्यंत मुलांनी कसाबसा घालविलेला वेळ, एवढेच त्याचे स्वरूप आहे असे आपण समजतो. मला तसे वाटत नाही. समाज आपली मूल्ये मुलांच्या हाती प्रथम सोपवितो ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर अंगणातून. म्हणूनच अंगण हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि तो वाचण्याचे काम शिक्षकाचे आहे.

केळापूर तालुक्याच्या अंगणाला एक वेगळेपण आहे. आपल्याकडे कोलामांच्या पोडावरची मुले येतात, गोंडांच्या गुड्यांवरची येतात, बंजाऱ्यांच्या तांड्यांवरची येतात. बौद्ध, कुणबी, तेली, माळी कुटुंबांतील येतात. पैनगंगेपलीकडे तेलुगू मुलूख सुरू होत असल्याने काहींच्या बोलीत तेलुगूचीही झाक असते. पहिल्या महिन्यात ही मुले एकमेकांशी नीट बोलूही शकत नाहीत. परंतु खेळू मात्र शकतात. गोट्यांची गल, बिल्लसचे आखलेले चौकोन, विटी-दांडू, लगोरी, भोवरा, झाडावर चढून खेळावयाची डाबडुबली यांचे नियम सांगण्यास फारसे शब्द लागत नाहीत. भाषेच्या आधी खेळ पोहोचतो, हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे.

या सर्व खेळांत सर्वांत साधा खेळ म्हणजे शिवाशिवी. त्याला साहित्य लागत नाही, आखलेले मैदान लागत नाही. एकाने धावावयाचे आणि दुसऱ्याला शिवावयाचे. ज्याला शिवले त्याच्यावर डाव आला. काही भागांत 'राज्य आले' असे म्हणतात. काही ठिकाणी या खेळाला शिवणापाणी असेही नाव आहे. मराठी वाचकाने या शब्दांपाशी क्षणभर थांबावे. 'शिवाशिव' हा शब्द आपल्या भाषेत आणखी एका गोष्टीसाठी वापरला जात होता. 'त्या घरात शिवाशिव पाळतात' असे म्हटले की त्याचा अर्थ स्पष्ट करून सांगावा लागत नसे. आणि शिवणापाणी या नावात जे दोन शब्द एकत्र आले आहेत, त्या स्पर्श आणि पाणी या दोनच गोष्टींवर आपल्या पूर्वजांचे जीवन शतकानुशतके बंदिस्त करण्यात आले होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हीच कोंडी फोडण्यासाठी.

मी लहान असताना, म्हणजे 1970 नंतरच्या दशकात, आमच्या गावात बौद्धवाड्यातील आणि गावातील मुले शाळेमागच्या पटांगणावर एकत्र खेळत असू. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट होऊन तोपर्यंत पंचवीसएक वर्षे लोटली होती. शिवाशिवी खेळताना एके दिवशी माझ्यावर डाव आला. मी धावून एका मुलाला शिवलो. तो थांबला नाही. दुसऱ्याला शिवलो, तोही थांबला नाही. मग एक जण म्हणाला, "याचं शिवलेलं मोजायचं नाही." कोणी आणि कुठे हे ठरविले होते मला ठाऊक नाही, परंतु त्या नियमाचा अर्थ मला तत्काळ कळला. ज्याचे शिवणे मोजायचे नाही, त्याच्यावरचा डाव कधीच उतरणार नाही. त्याने धावतच राहावयाचे. मोठेपणी मी श्रेणीबद्ध विषमतेवर पुष्कळ वाचले, एम. ए. साठी टिपणे काढली. परंतु त्या व्यवस्थेची याहून नेमकी व्याख्या मला आजही करता येत नाही.

त्या दिवशी पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे, अन्यथा गोष्ट अर्धीच राहील. मी ज्याला दुसऱ्यांदा शिवलो होतो तो गावातीलच एका शेतकऱ्याचा मुलगा. दोन-चार पावले पुढे जाऊन तो थांबला आणि म्हणाला, "शिवलं म्हणजे शिवलं." आणि त्याने डाव घेतला. त्याने कुठलेही भाषण केले नाही. त्याला समतेचे तत्त्वज्ञान ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. खेळ खेळावयाचा असेल तर नियम सर्वांना सारखा असला पाहिजे, एवढेच त्याला कळले होते. त्या संध्याकाळी त्याच्या आईने त्याला घराबाहेरच अंघोळ घातली. आम्हांला वाटले, धुळीने माखला म्हणून घातली असेल. तसे नव्हते, हे पुढे कळले. अंगणाने जे जोडले ते उंबरठ्याने तोडले. परंतु जोडले गेले होते, हेही तितकेच खरे.

हा अनुभव सांगितला की अनेक कार्यकर्ते मित्र लगेच निष्कर्ष काढतात की शिवाशिवी हा खेळ अस्पृश्यतेतूनच जन्मला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे सावध राहावेसे वाटते. शिवण्याचा खेळ जगभर आहे. जेथे जातिव्यवस्था कधी नव्हती तेथेही तो आहे. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने शाळकरी मुलांचे खेळ आणि गाणी आयुष्यभर गोळा केली. त्यांचे मोठे ग्रंथ 1959 आणि 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. शिवणाऱ्याच्या स्पर्शाने काही नकोसे अंगाला चिकटते, ही कल्पना त्यांना तेथील मुलांच्या खेळांतही आढळली. याच ओपी दांपत्याने आणखी एक धडा दिला आहे. 'रिंगा रिंगा रोझेस' हे गाणे आज पांढरकवड्याच्या बालवाडीतही म्हटले जाते. ते लंडनच्या प्लेगचे वर्णन आहे, अशी समजूत जगभर पसरलेली आहे. परंतु हे गाणे इंग्रजीत छापलेले प्रथम सापडते ते 1881 मध्ये, म्हणजे 1665 च्या प्लेगनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. आणि प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो विसाव्या शतकात. म्हणून ओपींनी तो अमान्य केला. मुलांच्या गाण्यात हवा तो अर्थ भरणे सोपे असते. आपणही तो मोह टाळला पाहिजे.

मग शिवाशिवीचा अर्थ काय? मला वाटते, खेळ आधीचा आहे आणि विटाळ नंतरचा. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या 1948 च्या ग्रंथात अस्पृश्यता ही अनादी नसून ती इतिहासाच्या एका टप्प्यावर, सुमारे इसवी सन 400 च्या आसपास जन्मली, असे प्रतिपादन केले. जी गोष्ट इतिहासात जन्मते ती इतिहासात मरूही शकते, हा त्या प्रतिपादनाचा गाभा आहे. स्पर्श मात्र अनादी आहे. मुलाला स्पर्शाची ओढ असते. धरणे, सुटणे, पुन्हा धरणे यात त्याला आनंद असतो. समाजाने त्या आनंदावर आपली भीती लादली. आणि खेळाने ती भीती पुरती स्वीकारली नाही. कारण खेळातील 'विटाळ' दोन क्षणांत उतरतो. तो ज्याच्यावर येतो त्याच्यावरून पुढे जातो आणि संध्याकाळपर्यंत सर्वांवरून फिरून जातो. वर्णव्यवस्थेत तो जन्माने येतो आणि पुढे सरकतच नाही.

हाच विरोध मोठ्या मैदानांवरही दिसतो. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, हा तर निव्वळ स्पर्शाचा आणि मिठीचा खेळ. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. ज्या समाजात माणसाची सावली टाळली जाई, त्याच समाजाने घामाने भिजलेल्या प्रतिस्पर्ध्याला कवेत धरण्याचा खेळ जोपासला. क्रिकेटचे उदाहरण अधिक बोलके आहे. धारवाडात जन्मलेले, चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हे आपल्या काळातील श्रेष्ठ गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. परंतु पुण्यात आपल्याच संघासोबत खेळताना त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात. त्यांनी हाताळलेला चेंडू चालत होता. पेला चालत नव्हता. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नियम खेळाचा असो वा शाळेचा, सर्वांना सारखा लागू होतो की नाही, हाच प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो.

बौद्ध वाचकांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. भारतातील खेळांची अतिशय जुनी यादी कुठे सापडते? ती दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात आहे. त्यात अट्ठपद, दसपद हे पटावरचे खेळ आहेत. जमिनीवर रेघांच्या वाटा आखून त्या चुकवीत जाण्याचा परिहारपथ आहे. आपल्या मुली बिल्लस खेळताना आखतात त्या चौकोनांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. घटिका नावाचा खेळ आहे. आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत त्याचा अर्थ दिला आहे तो लांब दांड्याने आखूड दांडी मारण्याचा खेळ असा. म्हणजे आपला विटी-दांडूच. खेळण्यातला नांगर आहे, पानांची भिंगरी आहे, पानांची मापे आहेत, लहानसा रथ आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजविणाऱ्या आणि ज्वारीच्या धांड्यांची बंडी करणाऱ्या आपल्या मुलांना ही यादी वाचून दाखविली की ती थक्क होतात.

काही मंडळी या यादीचा आधार घेऊन म्हणतात की तथागतांनी खेळ निषिद्ध ठरविले. हे अर्धवट वाचन आहे. ती यादी श्रद्धावंतांनी दिलेल्या अन्नावर जगणाऱ्या आणि तरीही खेळांत रमणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांविषयी आहे. गोतम मात्र यांपासून अलिप्त आहे, असे तेथे म्हटले आहे. मुलांना ती लागू नाही. मज्झिमनिकायातील महातण्हासंखय सुत्तात मूल कसे वाढते याचे वर्णन येते, तेव्हा तेच नांगर, तीच घटिका, तीच भिंगरी त्या मुलाच्या हातात दिसतात, आणि तेथे निंदेचा शब्द नाही. भिक्खूचा विनय वेगळा, बालकाचे वय वेगळे.

परंतु ब्रह्मजाल सुत्ताच्या त्या यादीतील शेवटचा खेळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे नाव यथावज्ज. आंधळ्याची, लंगड्याची, कुबड्याची नक्कल करून हसणे, असा तो खेळ. अडीच हजार वर्षांपूर्वी होता, आणि आपल्या अंगणात आजही आहे. कुणाच्या जातीवरून, कुणाच्या धंद्यावरून, कुणाच्या रंगावरून, कुणाच्या बोलीवरून चिडविण्याची जी यमके मुलांच्या तोंडी असतात, ती यथावज्जचीच पिलावळ होय. मी ती येथे उद्धृत करणार नाही; प्रत्येकाने ती कधी तरी ऐकली आहेत आणि आपल्यापैकी अनेकांनी ती स्वतःविषयी ऐकली आहेत.

काही वर्षांपूर्वी पोडावरून नव्याने आलेल्या एका कोलाम मुलाला इतर मुले त्याच्या बोलीवरून तालासुरात चिडवीत होती. चिडविणाऱ्यांत बौद्ध घरांतील मुलेही होती, हे लिहिताना मला लाज वाटते. प्रथम मी शिक्षकांचा जुना उपाय केला, म्हणजे रागावलो. परिणाम एवढाच झाला की ते गाणे माझ्यासमोर थांबले. मग मला उदान ग्रंथातील एक प्रसंग आठवला. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून छळीत होती. तथागतांनी त्यांना हाकलले नाही. "मुलांनो, तुम्हांला दुःखाची भीती वाटते का? दुःख तुम्हांला नकोसे आहे का?" एवढेच विचारले. मुले हो म्हणाली. पुढचा उपदेश त्या उत्तरातून उभा राहिला. मीही वर्गात फळ्याजवळ उभा राहून विचारले, "तुम्हांला कोणी कधी चिडवले आहे? काय म्हणून?" प्रथम कोणी बोलेना. मग एकेक जण बोलू लागला, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे एक आठवण होती. तो तास इतिहासाचा होता. मला वाटते, तो इतिहासाचाच झाला. पाऊस लांबला की काठीला कडुनिंबाचे डहाळे आणि त्यात बेडूक बांधून दारोदार धोंडी मागण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या वर्षी आमच्या मुलांनी आपणहून ठरविले की गावी गेल्यावर धोंडी निघाली तर बेडूक बांधू द्यावयाचा नाही.

आता माझ्या एका चुकीची कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत भाद्रपदाच्या अखेरीस वसतिगृहातील काही मुली अंगणात फेर धरून भुलाबाईची गाणी म्हणत असताना मी त्या बंद केल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या संस्थेत देवीची गाणी कशाला, असा माझा तर्क होता. पूजेपुरता तो तर्क मला आजही योग्य वाटतो. परंतु त्या गाण्यांत काय होते, हे ऐकून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती. त्यांत सासुरवाशिणीचा जाच होता, माहेरी जाऊ न देणाऱ्या सासूचा राग होता, अर्धपोटी राहिलेल्या सुनेची तक्रार होती. ज्या स्त्रियांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांची साक्ष कुठल्याही दप्तरात नाही, त्यांची ती साक्ष होती. ती गाणी थांबविताना मी देव्हारा हलविला असे समजत होतो. प्रत्यक्षात मी एक दप्तर बंद केले. त्यांतली एक मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. ती भेटली तेव्हा म्हणाली, "सर, आम्ही पूजा करत नव्हतो, आईची गाणी म्हणत होतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे : खेळ ठेवावा आणि त्यातील शब्द तपासावा. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही, कारण जुन्यात यथावज्जही आहे. 'जुने ते सारे टाकून द्या' म्हणणाऱ्यांशीही जमत नाही, कारण जुन्यात 'शिवलं म्हणजे शिवलं' हेही आहे. बाबासाहेबांनीही भूतकाळ तपासून घेतला. त्यात बुद्ध सापडले ते त्या शोधातूनच.

तपासून पाहिले तर मुलांच्या खेळांत लोकशाहीचे पुष्कळ धडे सापडतात. राजा-वजीर-चोर-शिपाई या चिठ्ठ्यांच्या खेळात राजाला हजार गुण आणि चोराला शून्य. विषमता तेथेही आहे. परंतु प्रत्येक डावाला चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या जातात. जातिव्यवस्थेत चिठ्ठी एकदाच टाकली गेली, तीही आपण जन्मण्यापूर्वी. दुसरे उदाहरण कच्च्या लिंबूचे. लहान वा दुबळ्या मुलाला खेळात घेतात, पण बाद करीत नाहीत. हेच आरक्षण, असे काही जण कौतुकाने सांगतात. येथे मला स्पष्ट असहमती नोंदवावयाची आहे. कच्चा लिंबू बाद होत नाही, पण त्याने केलेले बादही धरले जात नाही. तो खेळात असतो आणि नसतोही. ती दया आहे. बाबासाहेबांनी मागितले ते प्रतिनिधित्व, म्हणजे ज्याचे शिवणे मोजले जाईल असे स्थान. आपल्या मुलांना कच्चा लिंबू समजून सांभाळणारे हितचिंतक आजही भेटतात. त्यांना नम्रपणे सांगितले पाहिजे की आम्हांला डाव द्या, सूट नको.

शेवटी काही सूचना. बालकांचा खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या अनुच्छेदाने मान्य केला आहे. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. तरीही स्पर्धा परीक्षांच्या नावाखाली सायंकाळचा तो तास जादा तासिकेला द्यावा, अशी मागणी पालकसभेत दरवर्षी होते. संस्थेने ती मान्य करू नये, अशी माझी विनंती आहे. ज्यांची मुले प्रथमच शाळेत आली त्या पालकांची घाई मला समजते. मीही त्याच घाईत वाढलो. परंतु वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले एकमेकांना धरतात, शिवतात, पडतात आणि भांडून पुन्हा खेळतात, असा दिवसातला तो एकच तास आहे. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता सहजतेने नांदू शकणार नाहीत, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. ती बंधुता जादा तासिकेत शिकविता येत नाही.

दुसरे असे की, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी जाताना एक वही न्यावी आणि आजी-आजोबांकडून त्यांच्या बालपणीचे खेळ, त्यांचे नियम आणि गाणी उतरवून आणावीत. कोलामी, गोंडी, गोरमाटी, तेलुगू, वऱ्हाडी, ज्या बोलीत असतील त्या बोलीत. त्यावर वर्गात चर्चा व्हावी : हे गाणे कोणाला हसते? या नियमाचा लाभ कोणाला होतो? जे हसण्यासारखे नाही ते मुले स्वतःच गाळतील, असा माझा अनुभव आहे. जे उरेल ते पुढील स्मरणिकेत छापावे.

काल सायंकाळी मी व्हरांड्यात वह्या तपासत बसलो होतो. अंगणात शिवाशिवी चालली होती आणि वाद पेटला. एका लहान मुलीने मोठ्या मुलाला शिवले होते आणि तो ते मान्य करीत नव्हता. मी उठणार होतो. परंतु तोवर चार-पाच जणांनी त्याला घेरले होते, आणि कुरकुरत का होईना, त्याने डाव घेतला. मी पुन्हा वह्यांकडे वळलो.

जय भीम! नमो बुद्धाय!